मनोवैद्य आणि मनाची छाया

‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण महाराष्ट्रांतील प्रत्येक घराच्या परिचयाची आहे. घरांतील उणें बाहेर दिसूं देऊं नये, हा तिचा व्यावहारिक अर्थ. आणि चारचौघांत वावरणाऱ्या माणसाला तो एका मर्यादेपर्यंत उपयोगीहि पडतो. परंतु मनुष्य ही मूठ केवळ जगापुढेंच झांकून ठेवतो असें नाहीं. आपला मत्सर, आपलें भय, वडील माणसांवरील राग, आपणांस न शोभणारी एखादी इच्छा, हें सर्व तो स्वतःपासूनहि झांकतो. आणि कांहीं काळानें त्या मुठींत काय होतें ह्याचा त्याचा त्यालाच विसर पडतो. विसर पडला म्हणून मूठ रिकामी होत नाहीं. आंत जें कोंडलेलें असतें तें कधीं निद्रानाशाच्या, कधीं निष्कारण भीतीच्या, तर कधीं शरीराच्या एखाद्या दुखण्याच्या वाटेनें बाहेर येतें. अशा मनुष्याला त्याच्याच मनाच्या झांकलेल्या भागाची ओळख करून द्यावी, आणि ती त्याला सोसेल अशा रीतीनें करून द्यावी, हें मनोवैद्याचें काम होय. तें कसें करावें, ह्या प्रश्नाला युरोपांत सुमारें दीडशें वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासांतून एक गोष्ट पुनःपुन्हां प्रत्ययास येते. जो वैद्य स्वतःची मूठ उघडून पाहत नाहीं, त्याला दुसऱ्याची मूठ उघडण्याचें सामर्थ्य येत नाहीं. आणि ज्या आचार्यांनीं हें सत्य जगाला शिकविलें, त्यांना स्वतःलाच तें फार महाग पडलें.

ह्या इतिहासाचा आरंभ व्हिएन्ना शहरीं होतो. इ. स. १८८० च्या अखेरीस तेथील जोसेफ ब्रॉयर ह्या प्रतिष्ठित डॉक्टरांकडे एकवीस वर्षांची एक सुशिक्षित तरुणी उपचारासाठीं आली. तिचें नांव बर्था पापेनहाइम. वैद्यकीय ग्रंथांत ती ‘आना ओ.’ ह्या कल्पित नांवानें प्रसिद्ध आहे. आजारी वडिलांची शुश्रूषा करतां करतां ती स्वतःच अंथरुणास खिळली होती. उजवा हात लुळा पडे, दृष्टि अंधुक होई, आणि कांहीं काळ तर ती आपली जर्मन मातृभाषा विसरून केवळ इंग्रजींत बोलूं लागली. शरीर तपासून ह्या लक्षणांचें कारण सांपडेना. पुढें एका उन्हाळ्यांत तिला पाणी पिणेंच अशक्य झालें. तहानेनें व्याकुळ होऊन ती पेला हातांत घेई आणि ओठांस लागतांच दूर लोटी. सुमारें सहा आठवडे तिनें रसाळ फळांवर काढले. शेवटीं मोहनिद्रेच्या अवस्थेंत तिनें ब्रॉयर यांना एक क्षुल्लक वाटणारी हकीकत सांगितली. तिच्या सोबतीला असलेल्या इंग्रज बाईच्या खोलींत त्या बाईचा लहानसा कुत्रा पेल्यांतून पाणी पितांना तिनें पाहिला होता. तिला अत्यंत किळस आली; परंतु बोलणें शिष्टाचारास सोडून होईल म्हणून ती गप्प राहिली. दाबून ठेवलेला तो राग आणि ती किळस तिनें त्या दिवशीं मनमोकळेपणानें बोलून दाखविली, लगेच पाणी मागितलें, आणि पेला ओठांशीं असतांनाच ती मोहनिद्रेंतून जागी झाली. पाण्याची ती बाधा पुन्हां झाली नाहीं.

ह्या पद्धतीला त्या तरुणीनेंच ‘बोलण्याचा उपचार’ असें नांव दिलें. थट्टेंत ती त्याला ‘धुराडें साफ करणें’ असेंहि म्हणे. १८९५ सालीं ब्रॉयर आणि त्यांचे तरुण सहकारी सिग्मुंड फ्रॉइड यांनीं हिस्टेरियावरील आपल्या ग्रंथांत ही हकीकत प्रसिद्ध केली. ती वाचून रोगी ठणठणीत बरी झाली असा ग्रह होतो. वास्तविक १८८२ च्या जुलैमध्यें तिला स्वित्झर्लंडांतील क्रॉइत्सलिंगेन येथील आरोग्यभवनांत पाठवावें लागलें होतें, ही गोष्ट इतिहासकार आंरी एलेनबर्गर यांनीं १९७२ सालीं उजेडांत आणली. पुढें मात्र हीच बर्था पापेनहाइम जर्मनींतील एक थोर समाजसेविका झाली. १९०४ सालीं तिनें यहुदी स्त्रियांची संघटना स्थापन केली आणि १९०७ सालीं निराधार मुलींसाठीं व मातांसाठीं आश्रम उघडला. मनांतील एक कोपरा उघडला कीं सारें दुखणें संपतें, ही समजूत तिच्या चरित्रावरून खोटी ठरते. तथापि झांकलेली गोष्ट शब्दांत आणल्यानें मनुष्याचा भार हलका होतो, हेंहि त्याच चरित्रावरून दिसतें.

त्या काळीं मोहनिद्रेचा उपयोग बहुधा आज्ञा देण्यासाठीं करीत. रोग्याला निजवावें आणि ‘तुझें दुखणें गेलें’ असें अधिकारवाणीनें सांगावें, अशी ती रीत होती. मनांतील नको असलेला भाग म्हणजे शत्रु, आणि शत्रूला हुकूम सोडून हांकलून द्यावयाचें, अशी त्यामागील कल्पना. काम, क्रोध, लोभ यांना रिपु म्हणण्याची संवय असलेल्या आपल्या समाजाला ही कल्पना परकी वाटणार नाहीं. १८८९ सालीं फ्रॉइड यांनीं फ्रान्समधील नान्सी येथें जाऊन ही विद्या जवळून पाहिली. परंतु हुकमानें गेलेलें दुखणें वेष पालटून परत येतें, असा अनुभव त्यांना येऊं लागला, तेव्हां त्यांनीं आज्ञा देणें हळूहळू सोडून दिलें. रोग्यानें कोचावर स्वस्थ पडावें आणि मनांत जें येईल तें, मग तें कितीहि लाजिरवाणें वा निरर्थक वाटो, बोलत जावें, वैद्यानें ऐकावें. बोलतां बोलतां रोगी जेथें अडखळतो, विषय बदलतो, तेथेंच कांहीं झांकलेलें आहे असें समजावें. ह्या पद्धतीला त्यांनीं १८९६ सालीं मनोविश्लेषण हें नांव दिलें. आज्ञा देणारा वैद्य श्रोता झाला, ही ह्या इतिहासांतील पहिली मोठी क्रांति होय.

दुसरें पाऊल झूरिच शहरीं पडलें. तेथील बुर्गहोल्झ्ली नांवाच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख ऑयगेन ब्लॉयलर यांच्या हाताखालीं १९०० च्या डिसेंबरांत कार्ल गुस्टाव्ह युंग नांवाचा पंचवीस वर्षांचा डॉक्टर रुजू झाला. त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं एक साधा प्रयोग हातीं घेतला. शंभर शब्दांची एक यादी करावी. एकेक शब्द उच्चारावा. ऐकणारानें मनांत येईल तो पहिला शब्द सांगावा. आणि मध्यें किती वेळ गेला तें सेकंदाचा पांचवा भाग दाखविणाऱ्या घड्याळावर मोजावें. बहुतेक शब्दांना उत्तर चटकन येई. परंतु एखाद्या साध्याच शब्दापाशीं मनुष्य घुटमळे, हंसे, शब्द ऐकूं आला नाहीं असें म्हणे, किंवा दुसऱ्या खेपेस आपलेंच पहिलें उत्तर विसरे. अशा शब्दांची सांगड घातली कीं त्याच्या मनांतील एक दुखरी जागा नजरेस येई. ह्या दुखऱ्या जागेला मराठींत गंड असा शब्द रूढ झाला आहे. मनुष्य आपल्या मनाचा एकछत्री राजा नाहीं; त्याच्या राज्यांत लहान लहान जहागीरदार आहेत आणि ते त्याच्या हुकमाबाहेर वागतात, हें घड्याळाच्या कांट्यानें दाखवून दिलें.

त्याच रुग्णालयांत १९०४ च्या ऑगस्टमध्यें साबिना श्पीलराइन नांवाची अठरा वर्षांची रशियन यहुदी मुलगी दाखल झाली. ती डॉन नदीकांठच्या रोस्तोव्ह गांवची. युंग यांनीं तिच्यावर उपचार केले. १९०५ च्या जूनमध्यें ती रुग्णालयांतून बाहेर पडली आणि झूरिच येथेंच वैद्यकाचा अभ्यास करूं लागली. ह्या उपचाराचें यश डोळ्यांत भरण्यासारखें होतें. परंतु पुढील कांहीं वर्षांत वैद्य आणि पूर्वीची रोगी यांच्यामध्यें जो स्नेह वाढला, त्यानें वैद्याच्या धर्माची मर्यादा ओलांडली. युंग विवाहित होते, मुलाबाळांचे धनी होते. गोष्टीचा गवगवा होण्याची भीति उत्पन्न झाली, तेव्हां त्यांनीं फ्रॉइडना लिहिलेल्या पत्रांत सारा दोष त्या मुलीच्या माथीं मारला. तिनें स्वतः १९०९ च्या मे महिन्याच्या अखेरीस फ्रॉइडना पत्र पाठविलें. फ्रॉइडनींहि प्रथम शिष्याचीच बाजू घेतली. पुढें जूनमध्यें युंग यांनीं आपल्या वर्तनाची कबुली दिली, आणि मग फ्रॉइडनीं त्या तरुणीला पत्र लिहून, आपला तिच्याविषयींचा ग्रह कांहीं अंशीं चुकीचा होता म्हणून तिची क्षमा मागितली.

दुसऱ्यांच्या अडखळण्याचा हिशेब घड्याळ लावून ठेवणारा हा बुद्धिमान डॉक्टर स्वतः कोठें अडखळतो आहे, हें त्याच्या ध्यानांत आलें नाहीं. ह्या प्रकरणानें मनोवैद्यकाला एक नवा शब्द दिला. रोग्याच्या सहवासांत वैद्याच्या स्वतःच्या दबलेल्या भावना जाग्या होतात व उपचारांत लुडबूड करतात, ह्या गोष्टीला प्रतिसंक्रमण म्हणतात. आणि फ्रॉइडच्या लेखणींतून तो शब्द पहिल्यानें उतरला तो ह्याच प्रकरणीं युंग यांना जून १९०९ मध्यें लिहिलेल्या पत्रांत. पुढच्याच वर्षीं न्युरेम्बर्ग येथील परिषदेंत फ्रॉइडनीं असें प्रतिपादन केलें कीं, वैद्याचे स्वतःचे गंड त्याला जेथवर जाऊं देतात तेथवरच तो रोग्याला नेऊं शकतो, त्यापुढें नाहीं. १९१२ सालच्या लेखांत त्यांनीं झूरिचच्या मंडळींना एका गोष्टीचें श्रेय दिलें: दुसऱ्याच्या मनाचें विश्लेषण करूं इच्छिणारानें आधीं स्वतःच्या मनाचें विश्लेषण दुसऱ्या जाणत्याकडून करून घ्यावें, हा आग्रह त्यांनीं धरला होता. १९२० सालीं बर्लिन येथें निघालेल्या चिकित्सालयांत हा नियम वैद्याच्या शिक्षणाचाच भाग झाला. शस्त्रवैद्य हात धुतल्याशिवाय शस्त्राला हात लावीत नाहीं, तसाच हा नियम होय.

इतकें होऊनहि युंग यांची स्वतःशीं खरी गांठ पडली ती १९१३ सालीं. त्या वर्षाच्या आरंभीं फ्रॉइडशीं त्यांचा संबंध तुटला. गुरु गेला, मित्र गेले, आणि विलक्षण स्वप्नांनीं व भासांनीं त्यांना घेरलें. डिसेंबरांत पडलेलें एक स्वप्न त्यांच्या आत्मचरित्रांत आहे. जर्मन पुराणकथांतील वीर सीगफ्रीड पहांटेच्या प्रकाशांत डोंगरावरून दौडत येत आहे. युंग आणि त्यांच्याबरोबरचा एक अनोळखी, सांवळ्या वर्णाचा रानवट मनुष्य दबा धरून बसले आहेत. आणि ते दोघे त्या वीराला गोळी घालतात. जागे झाल्यावर त्यांचें मन पश्चात्तापानें भरून गेलें. विचारांतीं त्यांना उमगलें कीं, आपल्या इच्छेपुढें जगानें वांकावें असें म्हणणारा तो वीर म्हणजे त्यांचाच अभिमान होता. ह्या काळांतील अनुभव ते वह्यांतून टिपून ठेवीत, आणि पुढें तांबड्या कातड्यानें बांधलेल्या एका मोठ्या ग्रंथांत सुंदर अक्षरांनीं व रंगीत चित्रांनीं उतरवीत. सुमारें सोळा वर्षें चाललेलें तें काम त्यांनीं हयातींत प्रसिद्ध केलें नाहीं. १९६१ सालीं ते वारले, आणि तो ग्रंथ जगापुढें आला तो २००९ सालीं.

ह्या मंथनांतून जी कल्पना निघाली तिला युंग यांनीं ‘छाया’ असें नांव दिलें. मनुष्य स्वतःविषयीं जें चांगलें चित्र बाळगतो, त्या चित्रांत न बसणारें सर्व कांहीं त्याच्या पाठीमागें सांवलीसारखें सांचत जातें. त्यांत दुष्टपणा असतो, तसेंच निष्पाप व उपयोगी असेंहि पुष्कळ असतें. लहानपणीं ‘मुलांनीं रडूं नये’ असें ऐकलेल्या पुरुषाचें रडणें छायेंत जातें. ‘मुलींनीं उलट बोलूं नये’ असें ऐकलेल्या स्त्रीचा न्याय्य संतापहि तेथेंच जाऊन बसतो. ही छाया ओळखावी कशी? ‘दुसऱ्याच्या डोळ्यांतलें कुसळ दिसतें, पण आपल्या डोळ्यांतलें मुसळ दिसत नाहीं’ ह्या आपल्या म्हणींतच त्याची खूण आहे. ज्या माणसाचा आपणांस प्रमाणाबाहेर तिटकारा येतो, त्याच्यावर बहुधा आपलीच छाया पडलेली असते. म्हणून युंग रोग्याच्या स्वप्नांत वरचेवर येणाऱ्या अप्रिय मनुष्याकडे लक्ष देत. त्याला हांकलून देऊं नका, त्याला काय हवें आहे तें विचारा, त्याच्याशीं संवाद करा, तो लिहून काढा, चित्र काढा, असें ते सांगत. रोग्याला कोचावर निजवून त्याच्या मागें बसण्याऐवजीं ते त्याच्यासमोर खुर्चीवर बसत. कारण उपचारांत दोन्ही माणसें सारखींच गुंतलेलीं असतात, असें त्यांचें मत होतें.

१९३२ च्या मे महिन्यांत स्ट्रासबुर्ग येथें ख्रिस्ती धर्मोपदेशकांपुढें दिलेल्या व्याख्यानांत त्यांनीं आपल्या उपचाराचें सार सांगितलें. जें आपण स्वीकारीत नाहीं तें आपणांस बदलतां येत नाहीं, आणि धिक्कारानें कोणी मुक्त होत नाहीं, उलट अधिकच दडपला जातो, असा त्या सांगण्याचा आशय होता. भुकेल्याला अन्न द्यावें, शत्रूला क्षमा करावी, हें धर्म सांगतो. परंतु तो भुकेला आणि तो शत्रु आपल्याच अंतरांत उभा असेल तर? त्या वेळीं सदाचरणी मनुष्यहि दार लावून घेतो, असें त्यांनीं दाखवून दिलें. येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. स्वीकार करणें म्हणजे मोकळें सोडणें नव्हे. आपल्या मनांत भावाविषयीं मत्सर आहे हें मान्य करणें निराळें, आणि त्या मत्सराच्या सांगण्यावरून भावाचें नुकसान करणें निराळें. किंबहुना ज्याला आपला मत्सर ओळखतां येतो तोच त्याला आंवरूं शकतो. ज्याला तो दिसत नाहीं, त्याच्या हातून तो न्यायाच्या नांवाखालीं कामें करून घेतो.

ह्या शेवटच्या वाक्याची सत्यता युंग यांच्याच चरित्रानें पटविली. १९३३ सालीं जर्मनींत नाझी सत्तेवर आले, आणि त्याच वर्षीं मनोचिकित्सकांच्या मुख्यतः जर्मन असलेल्या एका वैद्यकीय संस्थेचें अध्यक्षपद युंग यांनीं स्वीकारलें. संस्थेच्या नियतकालिकांत १९३४ सालीं त्यांनीं आर्यांचें मन व यहुद्यांचें मन यांत भेद करणारें लिखाण केलें. राज्यकर्त्यांना हवें होतें तेंच हें. स्वित्झर्लंडांतील गुस्टाव्ह बाली ह्या मनोवैद्यानें त्याच वर्षीं वृत्तपत्रांतून त्यांच्यावर कडक टीका केली. संस्थेच्या नियमांत फेर करून यहुदी डॉक्टरांना व्यक्तिशः सभासद राहतां येईल अशी तजवीज युंग यांनीं केली, हेंहि सांगितलें पाहिजे. पण लिहिलेले शब्द त्यानें पुसले जात नाहींत. त्यांच्या स्वप्नांतील तो सांवळा रानवट मनुष्यहि ह्या दृष्टीनें विचार करण्यासारखा आहे. सांवळ्या वर्णांत मनाची रानटी बाजू पाहणें ही त्या काळच्या युरोपाची छाया होती, आणि छायेचा हा अभ्यासक तिच्यांतून सुटला नव्हता. महायुद्धानंतर १९४६ सालीं झूरिच येथें युंग हे छळछावणींतून वांचलेले धर्मगुरु लेओ बेक यांना भेटावयास गेले, आणि दीर्घ संभाषणांत आपला पाय घसरला होता असें त्यांनीं कबूल केलें, असें गेर्शोम शोलेम यांनीं पुढें एका पत्रांत नमूद केलें आहे.

आणि साबिना श्पीलराइन? ती १९११ सालीं डॉक्टर झाली, फ्रॉइडच्या व्हिएन्नांतील मंडळाची सभासद झाली, आणि तिनें स्वतंत्र विचाराचे निबंध लिहिले. १९२३ सालीं ती रशियाला परतली. १९४२ च्या ऑगस्टमध्यें रोस्तोव्ह येथें नाझी सैनिकांनीं तिची व तिच्या दोन मुलींची हत्या केली. तिचें नांव जवळजवळ पुसलें गेलें होतें. १९७७ सालीं जिनीव्हा येथील एका इमारतीच्या तळघरांत तिची दैनंदिनी आणि पत्रें सांपडलीं, आणि १९८० सालीं इटालियन विद्वान आल्दो कारोतेनुतो यांनीं तीं प्रसिद्ध केलीं. ज्या विद्येनें माणसाच्या मनाचें तळघर उघडण्याचा पत्कर घेतला, तिच्या स्वतःच्या इतिहासाचा एक भाग असा खऱ्याखुऱ्या तळघरांत पडून होता.

पुढील पिढ्यांनीं ह्या अनुभवांतून बोध घेतला. अमेरिकेंतील कार्ल रॉजर्स यांनीं १९४० नंतरच्या दशकांत ‘रोगी’ हा शब्दच टाळला, आणि वकिलाकडे येणाऱ्या अशिलास इंग्रजींत जो शब्द लावतात तो वापरला. कारण मदत मागणारा मनुष्य हीन नसून समान आहे. १९५७ सालच्या निबंधांत उपचाराच्या ज्या अटी त्यांनीं सांगितल्या, त्यांत समोरच्या माणसाचा बिनशर्त आदर व त्याच्या भावनांची जाण ह्यांच्याबरोबरच उपचारकाचा स्वतःशीं प्रामाणिकपणा ही एक अट आहे. आपणांस कंटाळा आला आहे किंवा भीति वाटते आहे, हें उपचारकाला निदान स्वतःपाशीं तरी कबूल करतां आलें पाहिजे. १९८० नंतरच्या काळांत रिचर्ड श्वार्ट्झ यांनीं मन हें एका कुटुंबासारखें आहे अशी मांडणी केली. त्या कुटुंबांतील रागीट, भित्रा किंवा लाजरा सभासद हा घराचा वैरी नसून, कधीं काळीं झालेल्या जखमेवर पहारा देणारा आहे. म्हणून त्याला दटावण्याआधीं तो कशाचें रक्षण करतो आहे तें विचारावें, आणि त्याच्या संमतीवांचून आंतलें दार उघडूं नये. पाण्याचा पेला दूर लोटणाऱ्या बर्था पापेनहाइमच्या हातालाहि हाच प्रश्न विचारावयास हवा होता.

आज चांगला उपचारक आपल्या कामाची उजळणी दुसऱ्या अनुभवी उपचारकापुढें नियमानें करतो, त्यामागें हा सारा इतिहास आहे. पुस्तकें वाचून ही विद्या येते असें मानणारानें युंग यांच्या उदाहरणाकडे पाहावें. छायेविषयीं त्यांच्याइतकें सखोल ज्ञान कोणास होतें? तरी तें ज्ञान त्यांना दोनदां वांचवूं शकलें नाहीं; कारण छाया ही एकदां ओळखून मोकळें होण्याजोगी वस्तु नाहीं. मनुष्य जसजसा प्रकाशाकडे चालतो, तसतशी ती त्याच्या मागें लांबत जाते. म्हणून मागें वळून पाहण्याचें काम कोणाचेंच कधीं संपत नाहीं. वैद्याचें तर नाहींच नाहीं. ज्या मनुष्यानें हें स्वतःपुरतें मान्य केलें आहे, त्याच्यासमोर बसलेल्या दुःखी माणसालाच आपली झांकलेली मूठ हळूहळू सैल करण्याचा धीर येतो.